शर्यत सोडलेला सायकलपटू आणि चाकाचा खटका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सायकल शर्यतीची बातमी आपल्याकडे विजेत्याचं नाव आणि वेळ दिली की संपते. पाय थकल्यावर त्या खेळाडूचं काय झालं, हे फारसं कोणी विचारत नाही. फार तर तो प्रशिक्षक झाला किंवा खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला लागला, एवढं कळतं. पण आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गिअरच्या सायकलींवरचे कितीतरी भाग शर्यत सोडलेल्या माणसांनी घडवलेले आहेत. त्यातला एक भाग आपल्याकडे सर्रास चुकीचा वापरला जातो आणि त्यातून अपघात होऊ शकतात. म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, पण तपशील गाळला तर त्याचा उपयोग राहणार नाही.

हा भाग म्हणजे चाक पान्याविना काढता येणारा खटका, ज्याला सगळे ‘क्विक रिलीज’ म्हणतात. तो तुल्लिओ काम्पान्योलो या इटालियन सायकलपटूच्या नावाशी जोडलेला आहे. त्याचा जन्म १९०१ चा, व्हिचेन्झा शहरातला. वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, त्यामुळे कानस आणि पकड लहानपणापासून हाताशी. १९२० च्या दशकात तो हौशी गटात शर्यती खेळे.

त्या काळी शर्यतीच्या सायकलला गिअर म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक चक्री. एका अंगाला सपाटीची, दुसऱ्या अंगाला चढासाठी जास्त दात्यांची. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, दोन्हीकडचे पंखवाले नट बोटांनी सैल करायचे, चेन उतरवायची, चाक उलटं फिरवून पुन्हा खाचेत बसवायचं, चेन ताणली जाईपर्यंत मागे ओढायचं आणि दोन्ही नट सारखे आवळायचे. यात बिघाड ठरलेले. एक नट कमी आवळला गेला की जोर लावताच चाक तिरकं सरकतं आणि टायर फ्रेमला घासतो. दोन्ही कमी आवळले तर चेन ढिली पडून उतरते. बोटांनी मिळणारा पीळ मुळात अपुरा, आणि थंडीत बोटं बधिर झाली की तोही मिळत नाही.

काम्पान्योलोची प्रसिद्ध गोष्ट इथलीच. नोव्हेंबर १९२७, डोलोमाइट डोंगरातली क्रोचे दाउने खिंड, बर्फ पडलेलं आणि गोठलेल्या बोटांनी नट फिरेना. ‘मागचं काहीतरी बदलायला हवं’ असं तो तेव्हा पुटपुटला म्हणतात. ही गोष्ट कंपनीने सांगितलेली आहे आणि तिच्या तारखेवर सायकलच्या इतिहासाचे अभ्यासक वाद घालतात. खिंडीत त्याचं स्मारक मात्र उभं आहे. तारीख कोणतीही असो, अडचण खरी होती आणि ती त्या काळच्या प्रत्येक शर्यतपटूची होती. त्यावर तोडगा काढायला बसला तो हा. खटक्याचं पेटंट कंपनी १९३० चं सांगते. १९३३ मध्ये त्याने व्हिचेन्झात स्वतःचा कारखाना काढला.

त्याच्या डोक्याची चमक कळण्यासाठी हा खटका उघडून पाहायला हवा. चाकाचा एक्सल पोकळ असतो. त्यातून ५ मिलिमीटर जाडीची सळई आरपार जाते. सळईच्या एका टोकाला आटे आणि त्यावर फिरणारा नट, दुसऱ्या टोकाला दांडा. दांड्याच्या मुळाशी एक कॅम बसवलेला असतो, म्हणजे मध्य सोडून भोक पाडलेलं गोल. दांडा उघडा असताना या गोलाची कमी जाड बाजू कामावर असते. दांडा मिटवत नेला की जाड बाजू वर येते, सळई बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि चिमट्याच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या फोर्कच्या, खाचेची दोन्ही टोकं हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) नटांवर दाबली जातात. शेवटच्या टप्प्यात कॅम सर्वांत जाड बिंदू किंचित ओलांडून पलीकडे बसतो. त्यामुळे खड्ड्यांच्या हादऱ्यांनी दांडा आपोआप उघडत नाही.

म्हणजे पंखवाल्या नटाकडे जी दोन कामं एकत्र होती ती इथे वेगळी झाली. नटाने फक्त अंतर जमवायचं, आवळायचं काम दांड्याने करायचं. अंतर एकदा जमलं की प्रत्येक वेळी तेवढाच दाब मिळतो, हात गारठलेला असो की घामाने निसरडा. चाक भर शर्यतीत कोणत्या हातांनी काढावं लागतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही विभागणी सुचते.

यानंतरचं त्याचं मोठं काम गिअरचं. १९४० च्या दशकातल्या त्याच्या ‘काम्बिओ कोर्सा’ या यंत्रणेत मागच्या उजव्या दांडीला दोन लांब सळया होत्या. एक सळई चाकाचा खटका सैल करायची, दुसरी चेनला एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर ढकलायची. चेन हलवणारी दुबेळकी चेनच्या वरच्या पदरावर होती. पॅडल पुढे मारताना वरचा पदर चक्रीवरून सुटत असतो आणि चेन सरकवायची तर चक्रीवर चढणाराच पदर ढकलावा लागतो, म्हणून स्वाराला पॅडल उलटं मारावं लागे. धावत्या सायकलीवर मागे हात घालायचा, चाक सैल करायचं, उलटं पॅडल मारत चेन बदलायची आणि चाक पुन्हा आवळायचं. एक्सलच्या दोन्ही टोकांना दाते होते आणि खाचांनाही दाते होते, त्यामुळे सैल चाक पुढे-मागे सरकलं तरी तिरकं होत नसे आणि चेनचा ताणही त्यातच जमून येई. आज हे वाचून धडकी भरते. पण ताण देणाऱ्या छोट्या चक्र्याच नसल्यामुळे चेन मोकळी पळे आणि चिखलाने अडकायला जागा कमी असे. इटलीच्या जिनो बार्तालीने १९४८ ची तूर द फ्रान्स याच यंत्रणेवर जिंकली. याची एका सळईची सुधारित आवृत्ती वापरून त्याच्याच देशाच्या फाउस्तो कोप्पीने १९५० ची पारी-रुबे शर्यत जिंकली, आणि त्या शर्यतीचंच नाव तिला मिळालं.

त्याच सुमारास त्याने ही सगळी कल्पनाच टाकून दिली. १९४९ मध्ये ‘ग्रान स्पोर्ट’चा नमुना आला आणि १९५१ पासून तो विक्रीला आला. चार कड्यांची समांतरभुज चौकट आणि तिला ओढणारी तार, म्हणजे आजचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) जसा दिसतो त्याची ठेवण. ही चौकट त्याने शोधली असं म्हणणं चूक आहे. फ्रान्समध्ये निवेक्स कंपनीचा तशा चौकटीचा डिरेलर महायुद्धाआधीच होता. काम्पान्योलोचं श्रेय वेगळं. शर्यतीच्या माराला पुरून उरेल असा तो बनवला, आणि झिजलेला छोटा भाग एकटा बदलता येईल अशी जोडणी ठेवली. दुरुस्ती करणारा माणूस या गुणाला जेवढा मान देतो तेवढा नावीन्याला देत नाही.

त्याच्या कामाची मर्यादाही सांगायला हवी. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये ही चौकट तिरकी बसवली. त्यामुळे डिरेलरची वरची छोटी चक्री मागच्या चक्र्यांच्या उतारालगत चालते, अंतर जवळपास सारखं राहतं आणि गिअर नेमका बसतो. इटलीतल्या या कारखान्याने ती सुधारणा वेळेवर घेतली नाही. सनटूरचं पेटंट १९८४ च्या सुमारास संपलं आणि जपानच्याच शिमानो कंपनीने तिरकी चौकट व टक-टक बसणारा गिअर एकत्र आणून बाजार फिरवला. काम्पान्योलो १९८३ मध्येच वारला होता. शर्यतपटूची खात्री ज्या भागावर बसते तो त्याच्या हातून सुटत नाही, ही त्याच्या गुणाचीच दुसरी बाजू.

तो एकटाच असा नव्हता. चिनो चिनेल्लीने १९३८ ची लोम्बार्दिया आणि १९४३ ची मिलान-सान रेमो या शर्यती जिंकल्या आणि १९४८ च्या सुमारास हँडल व स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) बनवण्याचा धंदा सुरू केला. पायाला पट्टा न लागणारं त्याचं पॅडल १९७१ चं आहे. एर्नेस्तो कोल्नागोही तरुणपणी शर्यती खेळायचा. १९५४ मध्ये त्याने काम्बियागो गावात छोटा कारखाना थाटला. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला ती सायकल त्याचीच. पुढचा चिमटा वाकडा न ठेवता सरळ नळ्यांचा केला तर चालतो का, हे त्याने १९८० च्या दशकात फेरारीच्या अभियंत्यांसोबत तपासलं. धक्के शोषण्याचं काम चिमट्याचा बाक करतो, ही जुनी समजूत त्यातून ढिली पडली. चाक हँडल वळण्याच्या रेषेपासून किती पुढे हवं ते अंतर महत्त्वाचं, आणि चिमट्याच्या माथ्याचा कोन बदलला की ते सरळ नळीतही मिळतं. पुढे फ्रान्को बालेरिनीने १९९५ ची पारी-रुबे कोल्नागोच्या कार्बन फ्रेमवर जिंकली. दगडी रस्त्यावर कार्बन टिकणार नाही म्हणणाऱ्यांची तोंडं तेव्हा बंद झाली.

आता आपल्या रस्त्यांकडे येतो. खटका असलेली सायकल विकत घेतलेल्या अनेकांना तो कसा लावायचा हे दुकानात कोणी दाखवत नाही. माणूस दांड्याला पंखवाल्या नटासारखा धरतो आणि घट्ट लागेपर्यंत गरागरा फिरवतो. तेव्हा कॅम कामालाच लागत नाही, चाक फक्त बोटांच्या पिळावर उभं असतं. बोरघाटाच्या उतारावर किंवा रात्री न दिसणाऱ्या गतिरोधकावर ते सुटलं तर स्वार थेट तोंडावर आपटतो. अमेरिकेत याच चुकीमुळे खटले झाले, म्हणून चिमट्याच्या खाचांना खाली उंचवटे ठेवू लागले. चाक सैल झालं तरी ते लगेच निसटू नये हा उद्देश. हे उंचवटे कानसीने घासून टाकणारे मेकॅनिकही आहेत. कृपया ते घासू नका.

बरोबर पद्धत अशी. सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी करा, उलटी ठेवून चाक आवळू नका. वजन सायकलवर असलं की एक्सल खाचेच्या तळाशी नीट टेकतो. मागचं चाक बसवताना चेन सर्वांत लहान चक्रीवर ठेवा. दांडा सायकलच्या डाव्या अंगाला हवा. दांडा उघडा ठेवून पलीकडच्या टोकाचा नट हाताने फिरवा. आता दांडा मिटवायला सुरुवात करा. तो एक्सलच्या रेषेत, म्हणजे सायकलपासून सरळ बाहेर आलेला असताना विरोध जाणवायला लागला पाहिजे. त्याआधीच अडला तर नट अर्धा फेरा सैल करा, त्यानंतरही मोकळाच येत असेल तर अर्धा फेरा आवळा. मग चिमट्याच्या नळीला चार बोटांचा आधार घेऊन तळव्याने दांडा पूर्ण दाबा. तळव्यावर दांड्याचा ठसा उमटेल इतका जोर लागला तर ते बरोबर. दांड्याचं टोक पुढे राहू देऊ नका. ते मागे किंवा चिमट्याला समांतर वर ठेवा, म्हणजे झुडपात किंवा शेजारच्या सायकलीत अडकणार नाही. शेवटी पुढचं चाक उचलून टायरवर वरून मुठीने ठोका. हललं नाही तरच निघा.

नटाच्या आणि दांड्याच्या आत दोन छोट्या शंकूसारख्या स्प्रिंगा असतात. त्यांचं बारीक टोक हबकडे हवं. उलटी बसली तर रुंद वेटोळं खाचेच्या आणि नटाच्या मधे चेपलं जातं, दाब स्प्रिंगवरच जातो आणि काही दिवसांनी चाक ढिलं लागतं. पंक्चरवाल्याकडे चाक काढून-घालून झाल्यावर ही चूक हमखास दिसते. स्प्रिंगा हरवल्या तर सायकल चालते, चाक मधोमध बसवायला फक्त थोडा त्रास होतो. म्हणून उलट्या बसवण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या.

स्वस्त सायकलींत आणखी एक दोष आढळतो. त्यांच्या खाचा दाबलेल्या पत्र्याच्या असतात, जाडीला कमी. एक्सल मात्र जाड खाचेसाठी कापलेला असतो. मग त्याचं टोक खाचेच्या बाहेर डोकावतं, नट खाचेवर न टेकता एक्सलच्या टोकावर टेकतो आणि दांडा कितीही जोराने मिटवला तरी चाक धरलं जात नाही. यावर पाना चालत नाही. चाक खाचेत बसवून पाहा. एक्सलचं टोक खाचेच्या बाहेरच्या पातळीच्या आतच असलं पाहिजे. बाहेर आलं असेल तर टोक कानसीने घासून घ्या आणि कीस आत राहू देऊ नका.

छर्ऱ्यांची जुळवणी करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. पुढच्या हबमध्ये बहुतेक वेळा एका बाजूला ३/१६ इंचाचे १० छर्रे असतात, मागच्यात १/४ इंचाचे ९. घट्ट नटाच्या साध्या एक्सलवर कोन, म्हणजे छर्ऱ्यांना वाटीत धरणारा शंकूसारखा नट, इतका आवळतात की खेळ (चाकाची डुगडुग) संपावा. खटक्याच्या पोकळ एक्सलवर असं केलं तर फसगत होते. दांडा मिटवला की एक्सल किंचित चेपला जातो, तेवढ्याने कोन वाटीवर आणखी दाबला जातो आणि छर्रे वाटीत खड्डे पाडू लागतात. म्हणून चाक हातात असताना अगदी थोडा खेळ मुद्दाम ठेवायचा, जो दांडा मिटवल्यावर नाहीसा होईल. मिटवल्यावरही रिम धरून हलवल्यास टक-टक होत असेल तर खेळ जास्त राहिला, आणि चाक सोडल्यावर लवकर थांबत असेल तर कमी.

बाजारात दोन जातीचे खटके आहेत. एकात कॅम पोलादी घरात झाकलेला असतो, हीच काम्पान्योलोची मूळ रचना. दुसऱ्यात तो उघडा असतो आणि प्लास्टिकच्या खोबणीवर घासतो. उघडा हलका आणि स्वस्त, पण त्याचं घर्षण जास्त. त्यामुळे तेवढ्याच जोराला दाब कमी मिळतो. कोकणातल्या लाल मातीत आणि पावसाळ्यात तो लवकर कुरकुरतो. जुन्या आडव्या खाचांच्या फ्रेमवर झाकलेला कॅमच लावावा, नाहीतर चढावर उभं राहून जोर लावताच मागचं चाक सरकतं. दोन्ही जातींना महिन्यातून एकदा कॅमवर तेलाचा थेंब पुरतो. सळई वाकलेली दिसली तर सरळ करत बसू नका, बदलून टाका.

डिस्क ब्रेक आल्यावर मात्र या खटक्याचे दिवस कमी होत आहेत, आणि ते योग्य आहे. चिमट्याच्या मागे बसवलेला कॅलिपर (चकतीला दाबणारा भाग) ब्रेक लावताना चाकाला खाचेच्या तोंडाकडे ढकलतो. रिमच्या ब्रेकमध्ये ही ओढ नसते. म्हणून आता १२ किंवा १५ मिलिमीटरचे आरपार एक्सल आले, ज्यात खाच नसते, भोक असतं. ज्यांच्याकडे डिस्कही आहे आणि खटकाही आहे, त्यांनी दांडा पूर्ण उघडून तो चकतीजवळ किती जातो ते पाहावं. मधे किमान ६ मिलिमीटर, म्हणजे साधारण पेन्सिल जाईल एवढी जागा हवी. २०१५ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सुमारे ९ लाख सायकली याच कारणासाठी परत मागवल्या. उघडा दांडा १८० अंशांपलीकडे जाऊन चकतीत अडकत होता आणि पुढचं चाक एकदम थांबत होतं.

संपादक महोदय, दोन विनंत्या आहेत. खटका लावण्याची पद्धत चित्रांसह आपल्या पुरवणीत छापावी आणि सायकल विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाकडून ती एकदा करून घेतल्याशिवाय सायकल हाती देऊ नये असं आवाहन करावं. दुसरी विनंती शर्यती भरवणाऱ्या संघटनांना. महाराष्ट्रात घाटातल्या शर्यती आणि लांब पल्ल्याच्या राइड आता वर्षभर होतात. कोणाचा स्पोक कुठे तुटला, चेन कशाने उतरली, ब्रेकचे रबर उतारावर किती वेळात संपले, हे प्रत्येक स्वाराला माहीत असतं आणि संध्याकाळी ते घरी विसरलं जातं. शर्यत संपल्यावर हे एका तक्त्यात भरून घ्यावं आणि तो तक्ता अभियांत्रिकी महाविद्यालयांना व सायकलचे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांना द्यावा. शर्यत सोडलेल्या सायकलपटूंना तो तपासण्याचं काम द्यावं, मानधनासह. कोणता बिघाड अपघाती आणि कोणता रचनेतलाच, हे त्यांना पाहताक्षणी कळतं. तक्त्याला पाच रकाने पुरेत: भाग, किती किलोमीटर चालला, रस्ता, हवामान आणि तुटल्या जागेची खूण.

आपला,
सायकल दुरुस्ती करणारा एक वाचक, सातारा